तिसरी हाक

१

लताबाईंच्या दिवसाचे दोन भाग होते. दोन वाजेपर्यंत अंगणवाडी आणि दोननंतर केळीची बाग. शेवटचं पोर आजीच्या कडेवर बसून गेलं, की त्या खिचडीचं पातेलं पालथं घालायच्या, रजिस्टर कपाटात ठेवायच्या, कुलूप दोनदा ओढून बघायच्या आणि घरी न वळता तशाच शेताच्या वाटेला लागायच्या.

उंबरझिरे हे गाव चोपड्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. गावाच्या तिन्ही बाजूंनी केळी आणि चौथ्या बाजूला डोंगर. लताबाईंची बाग नाल्याला लागून होती, तीन एकरांची. बागेच्या तोंडाशी निंबाचं झाड आणि त्याखाली पत्र्याची मोटारीची खोली. गावाला शेतीची वीज रात्रीची मिळायची. पण वर्षभरापासून रात्री कुणी शेतात पाऊल टाकत नव्हतं. दुपारीच ठिबकचे वाल फिरवून पाणी पुढच्या ओळींकडे वळवून ठेवायचं, वीज आली की आपोआप सुरू व्हावी म्हणून मोटार ऑटोवर लावायची आणि दिवस मावळायच्या आत घर गाठायचं, अशी रीत पडली होती.

त्याला कारण होतं. गेल्या वर्षी शेजारच्या शिवारात निंदायला बसलेल्या एका बाईवर बिबट्याने झडप घातली. बाई वाचली, पण खांद्याला सोळा टाके पडले. गावातली माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन निघाली, तेव्हा वनरक्षक नवल पावरा मोटारसायकलवरून आला आणि वाटेत आडवा उभा राहिला. पोरगेलासा, हळू बोलणारा माणूस.

"बिबट्या आला, असं म्हणू नका," तो म्हणाला. "तो इथेच असतो. केळीची बाग आणि जंगल त्याला एकच. याला धरून नेला, तर रिकाम्या जागेत दुसरा येईल, आणि त्या नव्याला तुमच्या वाटा ठाऊक नसतील. त्यापेक्षा आपण येतोय हे त्याला आधी कळू द्या. वाकलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो. बोलणारा माणूस कळतो."

नियम साधा होता. बागेच्या तोंडाशी उभं राहून तीन हाका मारायच्या. प्रत्येक हाकेनंतर दहा आकडे मोजायचे, म्हणजे त्याला उठून बाजूला व्हायला वेळ मिळतो. मग ताठ चालत आत जायचं आणि काम असेल तिथेच वाकायचं.

पुरुषांना याचं हसू आलं. पण लताबाईंनी पोलिओच्या डोसासारखं ते काम अंगावर घेतलं. घरोघर फिरून बायकांकडून हाका घोटून घेतल्या. त्यांची स्वतःची हाक ठरलेली होती, "मी येस वंऽऽ!" मी येतेय गं. आत कोण असेल ते असो, बाईमाणूस समजून हाक मारायची. आवाज थोडा घोगरा, शेवटी वर चढणारा. वर्षभरात तीन शेळ्या आणि दोन कुत्री गेली, पण माणसाला ओरखडा उठला नाही.

माघातला तो सोमवार. लताबाई बागेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. पहिली हाक मारली, दहा मोजले. दुसरी मारली. मोजता मोजता त्यांनी पदराचं टोक दातात धरलं आणि कमरेला नीट खोचायला घेतलं. सहा, सात...

"मी येस वंऽऽ!"

तिसरी हाक झाली. लताबाईंनी पाऊलही उचललं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, पदराचं टोक अजून आपल्या दातात आहे.

हाक आतून आली होती.

२

माणूस एकटा असला की मन आधी साधा अर्थ शोधतं. लताबाई तर तीस वर्षं गावाला सांगत आलेल्या बाई. ताप आला की भगताकडे नको, दवाखान्यात चला. त्यांनी ओरडून विचारलं, "कोन शे बागमा?" उत्तर नाही. मजूर बाई असेल तर बाहेर येईल, म्हणून त्या निंबाखाली अर्धा तास बसल्या. कुणी आलं नाही. वाल न फिरवताच त्या घरी परतल्या.

प्रतिध्वनी म्हणावा, तर केळीच्या बागेत प्रतिध्वनी येत नाही. पानं आवाज खातात. दहा ओळींपलीकडच्या माणसाशी बोलायचं तर घसा फाडावा लागतो. आणि ही हाक कशी, तर शेजारी उभं राहून मारल्यासारखी स्वच्छ. त्यातून तो घोगरेपणा, ते शेवटी वर चढणं.

रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं. रुपचंदभाऊ एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. पस्तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून उजवा कान कामातून गेलेला. ते हसले. "मन्हा एक कान गया, तुन्हा दोन्ही वाजतस का?"

दुसऱ्या दिवशी मात्र ते सोबत आले. लताबाईंनी तिन्ही हाका स्वतः मारल्या, मोजून, तोंड उघडं ठेवून. आतून काही आलं नाही. "झालं समाधान?" असं म्हणून रुपचंदभाऊ एकटेच वाल फिरवायला आत गेले. लताबाई बागेच्या तोंडाशी, उन्हात उभ्या राहिल्या. वाळकी पानं कागदासारखी वाजत होती. वर निंबावर होला घुमत होता. दहा मिनिटांनी रुपचंदभाऊ हात पुसत बाहेर आले आणि थबकले.

"तू इथे कवय पोचनी?"

"मी इथेच शे."

"मन्हासंगे उनी ना तू? दोन ओळी सोडीसन चाली राह्यनी व्हती."

लताबाई तर त्यांच्यासोबत आत गेल्याच नव्हत्या. रुपचंदभाऊंनी खांदे उडवले, "पानं हलनी व्हतीन," म्हणाले आणि मोटारीच्या खोलीत ऑटो लावायला गेले. लताबाईंच्या पायाखालची माती तापलेली होती, तरी तळव्यांना गार वाटत होतं.

३

रात्रभर विचार करून त्यांनी एक उलगडा शोधून काढला, आणि तो सापडल्यावर इतकं बरं वाटलं की पहाटे डोळा लागला. योगराजचा भोंगा.

योगराजची बाग लताबाईंच्या बागेला लागून. मध्ये फक्त एक बांध. रानडुकरं हाकलायला त्याने मागे एक भोंगा आणला होता. त्यात कुत्र्यांचं भुंकणं, फटाके, माणसांची आरडाओरड, असं काय काय भरलेलं. लताबाईंची हाक तर रोजची. कुणीतरी मोबाइलवर घेऊन त्यात भरली असेल, आणि वाऱ्याने आवाज इकडे आला असेल. बस, एवढंच.

बुधवारी अंगणवाडी सुटल्यावर त्या थेट योगराजच्या खळ्यात गेल्या. योगराज चाळिशीचा, राबणारा माणूस. गोठ्यापुढे बसून तो दावण सैल करत होता. दावणीला जनावर नव्हतं. त्याची बायको बेबाबाई ताक घेऊन आली. बेबाबाई म्हणजे लताबाईंची या शिवारातली जिवाभावाची मैत्रीण. वयाने बारा वर्षांनी लहान, पण रोज बांधावर गवत कापायला यायची आणि दोघी जणी बांधाच्या दोन बाजूंनी बोलत काम करायच्या.

"योगराजभाऊ, तुमना भोंगा चालू शे का?"

योगराजने कोपऱ्यात बोट दाखवलं. भोंगा तिथे पोत्यावर पडला होता. त्याच्या तोंडात गांधीलमाशीने मातीचं घर केलं होतं. "बॅटरी काढीसन महिना व्हयना, अक्का. डुकरं तेले भीत नहीत."

लताबाईंनी ताकाचा पेला खाली ठेवला.

"भोंग्यानं काय व्हस?" योगराज म्हणाला. त्याचा आवाज एकदम जड झाला. "वाघनी मन्ही पारडी खाई टाकी. पंधरा दिन व्हयनात. आठ महिन्यानी व्हती. सकाळले गऊ तं दावं तसंच बांधेल, आन् पुढे नुसतं रगत." खानदेशात बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि म्हशीच्या वासराला पारडी. "आते मी तार लावस. करंट सोडस."

"काय बोली राह्यना तू? कोनी मरी गयं ते?"

"रातनी लाईट शे, रातलेच करंट. रातले बागमा कोन जास?"

"अर्ज करेल शे आपन दिवसानी लाईटसाठी. दोनशे अंगठे घेतात मी. थोडं थांब."

"साऱ्या गावनी हाका मारान्यात, आन् वाघनी ऐकान्यात! तुमनं ऐकत व्हई तो, अक्का. मन्हं ऐकत नही." त्याने दावं भिंतीवर फेकलं आणि तो आत निघून गेला.

बेबाबाई दारापर्यंत सोडायला आली. "राग शे तेना," ती हळूच म्हणाली. "पारडी तेना हातनी खाये. लावाव नही तो तार. मी देखस."

४

गुरुवारी लताबाई बागेत जाणारच नव्हत्या. फक्त मोटारीच्या खोलीत जाऊन ऑटो तपासायचा आणि परत फिरायचं, एवढंच ठरवून त्या निघाल्या.

खोली म्हणजे आठ बाय आठचा पत्र्याचा डबा. आत स्टार्टरची पेटी, खताची दोन पोती, खुंटीला जुना रेनकोट. खिडकी नाही. दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी जमिनीवर पडायची, तेवढाच उजेड. लताबाई पेटी उघडून बघत होत्या, तेव्हा आवाज आला.

"मी येस वंऽऽ!"

बागेच्या पार टोकाकडून, नाल्याच्या बाजूने. त्यांचा हात पेटीच्या झाकणावर राहिला. आणि मनाने, वर्षभराच्या सवयीने, मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. दहा झाले.

"मी येस वंऽऽ!"

आता बागेच्या मध्यावरून. पुन्हा बरोबर दहा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

"मी येस वंऽऽ!"

तिसरी हाक निंबापाशी झाली, दारापासून वीस पावलांवर. लताबाईंनी दार ओढून घेतलं आणि आतली कडी चढवली. त्यांनी विचार करायचा प्रयत्न केला. कोणी बाई आहे. वेडी असेल. माझा आवाज काढते. मग तिने दोन हाकांमध्ये अर्धी बाग कशी ओलांडली?

मग बाहेर काहीतरी चाललं. पावलांचा आवाज नव्हता. पत्र्याला काहीतरी घासत गेलं, गुडघ्याएवढ्या उंचीवरून, मऊ आणि सावकाश, जशी गाय गोठ्याच्या भिंतीला अंग घासत जाते. दाराच्या फटीतली उन्हाची पट्टी विझली. पुन्हा उजळली. पुन्हा दोनदा, अगदी थोडी थोडी विझली. त्यानंतर ती चौथ्यांदा विझली, आणि या वेळी पार वरपर्यंत, माणसाएवढ्या उंचीपर्यंत. तशीच विझलेली राहिली. कुणीतरी दाराबाहेर उभं होतं.

लताबाईंनी तोंडावर हात दाबून धरला. आत नवल पावराचे शब्द आपोआप उमटले. आपण येतोय हे आधी कळू द्या.

आणि तेव्हा त्यांना ते कळलं. ही हाक त्यांच्या हाकेचं उत्तर नव्हतीच. पलीकडून कुणीतरी तोच नियम पाळत होतं. मी येतेय. दचकू नका. बाजूला व्हा.

उन्हाची पट्टी परत जमिनीवर पडली. होला घुमायला लागला.

बऱ्याच वेळाने त्यांनी कडी काढली. पाइपाच्या गळतीने दारापुढे चिखल झाला होता. त्यात बिबट्याची ठसठशीत पावलं होती आणि त्यांच्या मागे, एकमेकांत मिसळलेली, दोन पिल्लांची इवली पावलं. बिबटी पिल्लांना घेऊन दारावरून गेली होती. लताबाई त्या वेळी निंबाखाली बसलेल्या असत्या, तर त्या दोघींची गाठ समोरासमोर पडली असती.

त्यांनी चिखल वाकून वाकून बघितला. माणसाचं पाऊल त्यात एकही नव्हतं. त्यांचं स्वतःचंच तेवढं होतं, आत जातानाचं.

५

नवल संध्याकाळी आला. त्याने ठशांचे फोटो काढले आणि मारुतीच्या पारावर माणसं गोळा केली.

"पिल्लं दीड-दोन महिन्यांची आहेत. ती त्यांना उचलून डोंगराकडे नेईल, फक्त तिला चार-पाच दिवस द्या. बागांमध्ये कुणी जाऊ नका. पिल्लू दिसलं तरी हात लावू नका. पिल्लू हरवलेली बिबटी म्हणजे काय, ते मी बघितलंय."

"आन् ती पिल्लं मोठी व्हईसन आमन्याच गायी खातीन," मागून योगराज म्हणाला. नवल काही बोलायच्या आत तो उठून चालायला लागला. लताबाईंना वाटलं, मागे जावं, समजूत घालावी. पण नवल विचारत होता, "ताई, तुम्हाला वेळेवर कळलं कसं ती येतेय ते?" आणि त्याला काय उत्तर द्यावं, यातच त्या अडकल्या. "आवाज आला," एवढंच त्या म्हणाल्या.

शुक्रवारी अंगणवाडीत खिचडी वाढत असताना त्यांचा फोन वाजला. गावाच्या ग्रुपवर निरोप होता. अर्ज मंजूर, आजपासून उंबरझिरे फिडरला शेतीची वीज दिवसा, अकरा ते सात. लताबाईंनी मदतनीस बाईला मिठीच मारली. पाठोपाठ लक्षात आलं, मोटार ऑटोवर आहे आणि वाल मंगळवारपासून तसेच. रात्री भिजलेल्याच ओळींत दिवसभर पुन्हा पाणी तुंबेल. मुलांना मदतनिशीवर सोपवून त्या भर दुपारी शेताकडे पळाल्या.

मोटार घरघरत होती. त्यांनी ती बंद केली. पलीकडे, योगराजच्या बाजूलाही मोटारीचा घुमारा ऐकू येत होता. बागेत जायचं नव्हतं. पण बांधावरून, पलीकडच्या टोकाहून, बेबाबाई येताना दिसली. कमरेला विळा, डोक्यावर रिकामं घमेलं, आणि नजर लताबाईंकडे लागलेली. तिने लांबूनच हात हलवला. लाईट दिवसाची झाल्याचं तिलाही कळलं असावं. तिला भेटायला लताबाईही बांधावर चढल्या.

पन्नासएक पावलं चालून गेल्यावर, बांधाच्या मधोमध, एक मुंगूस आडवं पडलं होतं. पाय ताठ, नाकाचं टोक करपलेलं. आणि त्याच्या वर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, उन्हात केसासारखी एक बारीक रेघ चमकत होती. दोन खुंट्यांना बाटल्यांचे गळे बसवून ताणलेली. बांध आडवा कापून ती योगराजच्या बागेत शिरली होती.

रातनी लाईट, रातलेच करंट, असं तो म्हणाला होता. लाईट आता दिवसाची झाली होती. लताबाईंनी मागितली म्हणून झाली होती.

बेबाबाई तारेपासून आठ-दहा पावलांवर होती. ती हसत लताबाईंकडे बघत होती, खाली बघत नव्हती. लताबाईंनी तोंड उघडलं. घशातून वाराही निघाला नाही. स्वप्नात होतं तसं. जीभ टाळूला चिकटलेली, छाती फुटायला आलेली, आणि आवाज नाही. सहा पावलं. चार.

"थांब वंऽऽ! येऊ नको!"

बेबाबाईचा पाय उचललेला तसाच राहिला. लताबाईंच्या उजव्या हाताला, बागेच्या कडेच्या ओळीतून ती हाक आली होती. घोगरी, शेवटी वर चढलेली.

"काय व्हयनं वं अक्का?" बेबाबाईने विचारलं. ती लताबाईंकडेच बघत होती.

लताबाईंनी बोट खाली रोखलं. बेबाबाईने मुंगूस बघितलं. तार बघितली. तिच्या डोक्यावरचं घमेलं घरंगळत बांधाखाली गेलं. ती वळून आपल्या मोटारीच्या खोलीकडे धावत सुटली.

लताबाई तिथेच उभ्या राहिल्या. कारण आता त्यांना उजवीकडची ओळ दिसत होती. वाळक्या पानांच्या पडद्याआड, पंधरा पावलांवर, बिबटी उभी होती. एक पिल्लू तिच्या तोंडात मानगुटीला धरलेलं, दुसरं पायांत घोटाळणारं. तिला तार ओलांडून नाल्याकडे जायचं होतं आणि काहीतरी तिला जाऊ देत नव्हतं. तिचे कान मागे पडले होते. नजर लताबाईंवर होती.

पळू नका, वाकू नका, असं त्यांनीच दोनशे बायकांना शिकवलं होतं. त्या ताठ उभ्या राहिल्या.

पलीकडचा मोटारीचा घुमारा थांबला. बेबाबाईने खटका ओढला होता.

बिबटीने मान खाली केली. ती तारेखालून गेली, पोट जमिनीला घासत. दुसरं पिल्लू तारेपाशी घुटमळलं, शिंकलं आणि उडी मारून तिच्या मागे पळालं. योगराजच्या केळीची पानं हलली, आणि मग त्यांच्या पलीकडची.

लताबाईंनी श्वास सोडला. आणि तेवढ्यात, जिथून बिबटी निघाली होती तिथलंच, खाली लोंबणारं एक वाळकं पान बाजूला झालं. वाऱ्याने पान हलतं, थरथरतं. हे उचललं गेलं, जसं दारावरचं पोतं बाजूला करून आपण बाहेर बघतो. पानाच्या कडेला एक हात होता. मनगटात दोन हिरव्या बांगड्या. बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, जे या गावातल्या प्रत्येक बाईच्या बोटांवर असतात आणि कशानेच निघत नाहीत. हात बिबटी गेली त्या दिशेला पान धरून राहिला, शेवटचं पिल्लू नजरेआड होईपर्यंत.

मग पान खाली आलं.

६

योगराज धावत आला, तेव्हा बेबाबाई बांधावर बसलेली होती आणि लताबाई तिच्या शेजारी. त्याने मुंगूस बघितलं, घमेलं बघितलं, तारेपासून दोन पावलांवर मातीत रुतलेलं बायकोचं पाऊल बघितलं. मग तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून लहान पोरासारखा रडायला लागला.

"माले सांगनं व्हतं ना," बेबाबाई एवढंच म्हणाली.

तार त्याने स्वतः गुंडाळली. खुंट्या उपटल्या, बाटल्यांचे गळे पोत्यात भरले, आणि नवल आला तेव्हा ते सगळं त्याच्यापुढे आणून ठेवलं. "मला वर कळवावं लागेल, भाऊ," नवल म्हणाला. योगराजने मान हलवली. "कळवा. जे व्हई ते व्हई. मन्हं घर उभं शे." मग नवलने पिशवीतून दुसरा एक कागद काढला. पारडी गेल्याच्या भरपाईचा अर्ज. तो योगराजने केलाच नव्हता. आपलं कोण ऐकतं, म्हणून. तिथेच, बांधावर बसून, लताबाईंनी तो भरून दिला.

नवलने नाल्याच्या काठी कॅमेरा बांधला. तिसऱ्या दिवशी त्याने फोनवर फोटो दाखवले. भल्या सकाळी बिबटी नाला ओलांडून डोंगराच्या वाटेला लागली होती, दोन्ही पिल्लं मागे. लताबाईंनी फोटो बोटांनी मोठा करून कडेपर्यंत बघितला. झाडं, दगड, धुकं. आणखी काही नव्हतं.

"काय शोधताय, ताई?"

"काही नाही. तिसरं कोणी नाही ना, बघत होते."

"दोनच होती पिल्लं," नवल म्हणाला.

त्यानंतर बागेतून कधी काही ऐकू आलं नाही. लताबाईंनी आठ दिवस कान टवकारून काढले. नवव्या दिवशी आपण कान टवकारायला विसरलो, हे त्यांना घरी आल्यावर आठवलं. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

चैत्रात योगराजने गोठ्याला चारी बाजूंनी जाळी ठोकली आणि वर पत्रा घातला. नवीन पारडी आणली, काळीभोर, कपाळावर चांदी असलेली. तिला बघायला म्हणून लताबाई आणि रुपचंदभाऊ गेले. पुरुष जाळीचे खिळे बघत उभे राहिले. बायका ओट्यावर बसल्या. बेबाबाईने चहा आणला.

"अक्का," ती कप पुढे करत हळूच म्हणाली, "तू त्या दिन वरडनी म्हनीसन मी थांबनू. नही तं आज मन्हा फोटोले हार ऱ्हाता."

लताबाईंच्या ओठावर आलं होतं, मी नाही गं. माझ्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. पण अंगणात संध्याकाळचं कोवळं ऊन होतं, पारडी नव्या दाव्याशी झटत होती, योगराज कशावर तरी हसत होता. त्यांनी ते शब्द गिळले. कप बाजूला ठेवला आणि बेबाबाईचं मनगट हातात धरलं. धरूनच ठेवलं.

"काय वं अक्का," बेबाबाई हसली, "नाडी देखस का?"

"हां," लताबाई म्हणाल्या. "देखस."

मनगट उबदार होतं, आणि आतली नाडी संथ चालली होती.